बाबा उठले

ज्योतीनगर, छत्रपती संभाजीनगर
४ ऑगस्ट २०२४

दादा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, आईचाही केलास. पोस्टमनला अजून कुणाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. कोइम्बतूरचा पत्ता तुझ्या मित्राकडून, विश्वजीतकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. देत नव्हता. मी त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर बसून राहिले, तेव्हा कंटाळून दिला.

मागायचं काही नाही. फक्त सांगायचं आहे. बाबांवर नवा उपचार सुरू करतेय.

तू घर सोडून गेलास, त्यानंतर वर्षभरातच बाबांची कंबर धरली. ती सुटलीच नाही. बेल्ट झाले, इंजेक्शनं झाली, तेलं झाली. दोन सर्जननी एमआरआय उजेडात धरून पाहिला आणि ऑपरेशन करण्यासारखं यात काही नाही म्हणून परत पाठवलं. ज्यांच्या व्याख्यानाला बाहेरगावाहून लोक यायचे ते सेलूकर सर आता दिवसभर छताकडे बघत पडून असतात. संडासला जायचं तर आई काखेत हात घालून उठवते. परवा त्यांना उठवता उठवता तीच मटकन खाली बसली. अडुसष्टची आहे ती. किती दिवस उचलणार?

जालना रोडवर डॉ. मेघा म्हणून आहेत. मेंदूला बाहेरून चुंबकाचे ठोके देतात. भूल नाही, चिरफाड नाही. आधीच सांगितलं त्यांनी की काहींना गुण येतो, काहींना येत नाही, आणि आला तरी टिकवायला मधूनमधून परत यावं लागतं. मी विचारलं, दुखते कंबर, मग ठोके डोक्याला का? तर म्हणाल्या, "दुखणं कमरेतच सुरू झालं. पण इतक्या वर्षांत ते मेंदूनं शिकून घेतलंय. आता कंबर गप्प बसली तरी मेंदू गप्प बसत नाही."

बाबा स्ट्रेचरवरून म्हणाले, "म्हणजे माझी पाठ माझ्या मेंदूनं पाठ केली म्हणायची."

डॉक्टर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. बाबा कसे हसवतात, तुला ठाऊक आहे.

आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. "कशाला गं?" म्हणाली. मला वाटलं, विजेचे झटके समजून घाबरली. समजावायला लागले, तर म्हणाली, "विजेचं नाही विचारत मी." आणि उठून गेली.

दादा, तू पाहिलेले बाबा आता राहिले नाहीत. आईनं पाणी दिलं की तिला थँक्यू म्हणतात. आईनं गुलमंडीतून काचेचे कप आणलेत, फुलांचे. आपल्या घरात काचेचे कप! दुपारी ती पाय वर घेऊन टीव्ही बघते आणि मोठ्यानं हसते. आईला हसताना खोकला येतो, हे मला आत्ता कळलं.

नीरजा


२५ ऑगस्ट २०२४

दादा,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि त्यात काय, तर तीन शब्द. "उठवू नकोस त्यांना."

वाचून आधी मला कळलंच नाही. मग कळलं. तू तिकडे बायकोमुलीसोबत राहतोस. इथं एक म्हातारा माणूस उशीचा कोपरा दातात धरतो, शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून. शिंक आली तर घाबरतो, कारण शिंकेनं कंबरेत सुरी फिरते. आणि तू म्हणतोस, राहू दे.

तुझा हात मोडला त्या दिवशी मी घरात होते. आईला सोडवायला मध्ये पडलास, त्यांनी तुला जिन्याच्या कठड्यावर ढकललं, मी सगळं पाहिलं. विसरले नाही. पण माणूस बदलतो. इतक्या वर्षांच्या दुखण्यानं दगडसुद्धा बदलेल. माझ्यावर त्यांनी कधी हात उचलला नाही. हे तुला टोचायला लिहीत नाहीये. माझ्याकडून बघितलं तर ते कसे दिसतात, तेवढं तुला कळावं म्हणून लिहिते.

उपचार सुरू झालाय. रविवार सोडून रोज जातो. खुर्चीत मान टेकवून बसवतात, कानात बोळे घालतात आणि आठच्या आकड्यासारखी एक तबकडी डोक्याला लावतात. खट खट खट आवाज येतो, सुतारपक्ष्यासारखा. पहिल्या दिवशी नेमकी जागा शोधावी लागते. तबकडी जरा पुढं, जरा मागं, एकेक ठोका. एका ठोक्याला बाबांचा उजवा हात खुर्चीच्या दांड्यावरून टणकन उडाला. मनात काही नसताना. डॉक्टर म्हणाल्या, "सापडली जागा."

बाबा हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझा हात माझं न ऐकता उठला, हे पहिल्यांदाच घडलं."

बाहेर बाकावर बसलेल्या आईला मी हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही.

तू क्रूर आहेस दादा. वाईट वाटलं तर वाटू दे.

नीरजा


२९ सप्टेंबर २०२४

दादा,

बाबा उठले.

एकदम नाही. आधी कुशीवर वळताना ओरडायचे थांबले. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर पलंगावर पाय सोडून बसलेले, आपले आपण. मागच्या आठवड्यात फाटकापर्यंत गेले. परवा कोपऱ्यावरच्या सखारामकाकांच्या घरापर्यंत. कॉलनीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सखारामकाका तर रडले, म्हणाले, "सर, कॉलनीत जीव आला परत." कामाला येणाऱ्या पारूबाई म्हणतात, "सर लई भारी चालायलेत की आता! ताई, तुमी पुण्य केलं."

डॉक्टर म्हणतात इतका गुण सगळ्यांना येत नाही. पुढं पंधरवड्यातून एकदा जायचं, म्हणजे टिकेल.

काल खुलताबादला गेलो, भद्रा मारुतीला. बाबांनी नवस बोलला होता. मला कधी सांगितलं नव्हतं. मंदिरात ते काठीशिवाय चालले. येताना दौलताबादच्या उतारावर सीताफळांच्या टोपल्या दिसल्या तर गाडी थांबवून स्वतः उतरले, घासाघीस केली, विकणाऱ्या बाईला दोन कविता ऐकवल्या आणि दोन फळं वर घेतली. मला अगदी लहानपणीची सहल आठवली. तू पुढच्या सीटसाठी भांडायचास ती.

तू असायला हवा होतास. तुझं कार्ड मी फाडून टाकलं. तुझी चूक झाली हे कबूल करायला तुला जड जाणार नाही, एवढा मोठेपणा तुझ्यात आहे.

आई बरी आहे. कालच्या धावपळीत गाडीचं दार लागून तिचं मनगट सुजलंय. हळद लावलीय.

नीरजा


२० ऑक्टोबर २०२४

दादा,

गाडीचं दार नव्हतं.

त्या दिवशी सीताफळांची पिशवी आईच्या हातून सुटली. फळं रस्त्यावर फुटली. मी गाडी वळवून घेत होते. आरशात मला दिसलं की बाबांनी तिचा हात धरलाय. मला वाटलं, आधार देतायत. तुला पत्र लिहितानाही मला नक्की माहीत नव्हतं. खरं तर माहीत होतं, पण लिहावंसं वाटलं नाही.

गुरुवारी पाहिलं. आठवड्यानं नळाला पाणी आलं होतं आणि आईचा डोळा लागला. मोटर लावायची राहिली. मी बाथरूममधून आले तर बाबा स्वयंपाकघरात उभे. ताठ. इतके ताठ मी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. अगदी शांत आवाजात विचारत होते, "आता आठ दिवस काय पिणार? तुझा आळस पिणार?" आणि मारलं. कानावर. मग दुसऱ्या बाजूला, पहिलीशी जुळवून घ्यावं तसं.

मी ओरडले. ते वळले आणि मला म्हणाले, "अगं नीरू, घाबरलीस? जा, कॉलेजला उशीर होईल."

आई ओट्याला धरून उभी होती. मी जवळ घेतलं तर म्हणाली, "तसं जोरात नव्हतं गं. माझीच सवय मोडली होती."

काचेचे कप तिनं स्वतःच माळ्यावर ठेवून दिलेत.

तुझी माफी मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि इथं कुणी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. सखारामकाका बाबांचा सत्कार करायचं म्हणतायत.

नीरजा


१७ नोव्हेंबर २०२४

दादा,

"आईला इकडे पाठव. तिकीट काढतो." तुझं हे पत्र तिला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि म्हणाली, "त्याला सांग, येत नाही."

मी चिडले. म्हटलं, पोलिसात जाऊ. म्हणाली, ठाण्यात बसून अनोळखी पोरासमोर हे सगळं बोलायचं, आणि दुसऱ्या दिवशी सखारामभावजी समजूत घालायला येणार. म्हटलं, आपण दोघी वेगळी खोली घेऊ. तर माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी काहीतरी वेडगळ बोलले.

"मी का जाऊ?" म्हणाली. "माझं घर आहे हे. सहा वर्षं होतं. हे पडून होते तेव्हा सकाळी उठून मला काय वाटायचं माहितीये? काही वाटायचं नाही. नुसता चहा प्यावासा वाटायचा. तेवढं पुरत होतं मला. तू उठवलंस त्यांना. मी विचारलं होतं तुला, कशाला गं म्हणून."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हे मेथी निवडताना बोलावं तसं सांगितलं.

मग बाबांशी बोलले. ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. चालायची त्यांना इतकी हौस आलीय की थांबतच नाहीत. मी म्हटलं, "पुन्हा आईवर हात उचललात तर मी कुणाची पर्वा करणार नाही."

थांबले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "नीरू, माझ्या आयुष्यात मला उभं करणारं माणूस एकच, तू. तुझ्याशी मी खोटं बोलणार नाही. तुझ्या आईला शिस्त नाही. इतकी वर्षं मी पडून बघत होतो. काय काय साठलंय माझ्याकडे, तुला कल्पना नाही."

साठलंय, म्हणाले! सहा वर्षांचं थँक्यू म्हणत असताना आत हे साठत होतं.

त्याच आठवड्यात आईचा दात पडला. पुढचा.

आता नीट वाच. पुढचं मी फक्त तुलाच सांगतेय.

पंधरवड्याची वेळ आली तेव्हा बाबा कपडे करून तयार बसले. क्लिनिकचा त्यांना लळा लागलाय. तिथल्या मुलींना ते श्लोक शिकवतात. मी समोर बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "बाबा, जायचं नाहीये. डॉक्टरांचा फोन आला होता. तुमचे मेंदूचे आलेख त्यांनी पुन्हा पाहिले. आणखी ठोके दिले तर फिट येईल म्हणतात. अर्धांगही होऊ शकतं."

पांढरे पडले. त्यांचा धाकटा भाऊ फिट येऊन गेला होता, आठवतं ना? सुरुवातीला डॉक्टरांनी घरातल्या आजारांविषयी विचारलं तेव्हा बाबांनी ते लपवलं होतं, उपचार नाकारतील म्हणून. मला माहीत होतं. म्हणूनच मी फिट म्हटलं.

"तू विचारलंस ना नीट?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठी नीट विचारणार नाही का मी?"

दादा, त्यांनी लगेच विश्वास ठेवला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ठेवला नसता.

डॉक्टर मेघांचा खरोखरच फोन आला. "सर का आले नाहीत? इतका छान गुण येतोय, मध्येच सोडू नका." मी म्हटलं, बाबा मुलाकडे गेलेत, कोइम्बतूरला. तिकडंच चालू ठेवणार आहोत. त्यांना आनंद झाला. म्हणाल्या, मुलगा काळजी घेतोय हे बरं झालं.

नीरजा


५ जानेवारी २०२५

दादा,

परत आलं.

आधी बाबांनी अंगणातल्या फेऱ्या कमी केल्या. मग सकाळी उठल्यावर पलंगाचा कठडा धरायला लागले. आम्ही तिघंही बघत होतो. मधल्या दिवसांत त्यांनी आईला आणखी दोनदा मारलं. दुसऱ्या वेळी हात उगारताना कंबरेत कळ आली आणि ते तसेच वाकून राहिले, हात वरच. आई बाजूला झाली आणि तिनं गॅस बंद केला.

संक्रांतीचे तीळ आणले त्या दिवशी ते पूर्ण पडले.

मला वाटलं होतं, मला वाईट वाटेल. मी वाट पाहिली. वर्गात शिकवताना, स्कूटरवर, भाजी घेताना, आता वाटेल, आता वाटेल म्हणून. नाही वाटलं. तुला हे खोटं वाटेल. ज्यानं मला खांद्यावर बसवून लेणी दाखवली, त्याच्याबद्दल लिहितेय मी.

या वेळचं दुखणं आधीपेक्षा वाईट आहे. की सुख पाहून आल्यामुळं त्यांना तसं वाटतं, कोण जाणे. ते हात जोडतात. "नीरू, एकदा ने. फिट आली तर येऊ दे. मेलो तर सुटेन." मी म्हणते, "असं बोलू नये बाबा," आणि चादर सारखी करते. मोबाइल त्यांच्या हातून पडून फुटला. दुरुस्तीला टाकलाय असं मी त्यांना सांगते. तो माझ्या कपाटात आहे.

सखारामकाका आले होते. म्हणाले, मी गाडीत घालून नेतो सरांना त्या डॉक्टरबाईंकडं. आई दारातच उभी राहिली. "आत्ताच डोळा लागलाय त्यांचा," म्हणाली. आतून बाबा हाका मारत होते. सखारामकाकांना ऐकू कमी येतं. आईनं त्यांना तिळगुळाची वडी दिली आणि फाटकापर्यंत पोचवायला गेली.

परवा कॉलेजातून लवकर आले. आई बाबांच्या खोलीत खुर्ची टाकून बसली होती. पाण्याचा तांब्या तिच्या मांडीवर होता. बाबा पाणी मागत होते. ती म्हणत होती, "नीट मागा."

"यमुना, पाणी दे."

"नीट."

"यमुनाबाई, मला पाणी द्या. कृपा करा."

मग तिनं दिलं. मान धरून, हळू, एकही थेंब न सांडता. मी दारात आहे हे तिला माहीत होतं. तिनं पाहिलं माझ्याकडे. मी चप्पल काढून आत गेले आणि चहाला आधण ठेवलं.

नीरजा


९ फेब्रुवारी २०२५

दादा,

तू येतोयस हे वाचून आई देवापाशी बसली आणि मग लगेच उठून डबे घासायला लागली. तुझ्या मुलीला काय आवडतं, ते कळव. आईनं तिच्यासाठी परकर शिवायला टाकलाय, अंदाजानं. दात बसवून घेतलाय तिनं, पोरीनं घाबरू नये म्हणून.

तू लिहिलंयस, "मला त्यांना उठवू नकोस म्हणायचं होतं, पण तू केलंस ते मला म्हणायचं नव्हतं. आल्यावर मी त्यांना डॉक्टरांकडं नेईन. मग आईला घेऊन जाईन." तू चांगला माणूस आहेस. पण मग काय करायचं ते सांग. ते बरे होणार, सरळ उभे राहणार, आणि तू निघून जाणार. आई तुझ्याबरोबर येणार नाही. मी तिला पुन्हा विचारलं. "पाहुणी म्हणून जाऊन येईन," म्हणाली. परत आल्यावर दार कोण उघडणार? मी विचार करून बघितला, दादा. कुठूनही गेलं तरी एकाला दुखणारच. कुणाला, एवढंच आपल्या हातात आहे.

आलास की आधी त्यांच्या खोलीत जा. त्यांना तू येतोयस हे सांगितलंय. काल त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, हिमांशूला लिही, सांगतो तसं लिही. "बाळ, मी तुझा गुन्हेगार आहे. तुझा हात मी मोडला. मला तुझ्या गावी ने आणि तिथं ते यंत्र असेल तर त्याखाली बसव. मी तुझ्या पाया पडतो." सांगताना रडत होते. शब्द नेहमीसारखेच सुरेख. त्यांनी सांगितलं तसं लिहिलंय, एक अक्षर गाळलं नाही. खरं असेलही. मागच्या वेळचं थँक्यूसुद्धा खरं वाटलं होतं.

ते तुला यंत्राविषयी विचारतील. तू त्यांच्या डोळ्यांत बघून सांग की तिकडच्याही डॉक्टरांना विचारलं, धोका आहे म्हणाले. जास्त बोलू नकोस, ते शब्दांत पकडतात. तुला हे जमणार नसेल तर येऊ नकोस. खरंच सांगते. तुला बघायची आस लागलीय, तरीही.

जमणार असेल तर बुधवारी स्टेशनवर मी गाडी घेऊन येते. तुमची झोपायची सोय हॉलमध्ये केलीय. तुझ्या जुन्या खोलीत भिंतीपलीकडून त्यांचं कण्हणं ऐकू येतं. आईची आणि माझी झोप त्यानं मोडत नाही. पण तू नवा आहेस.

नीरजा